दगडावरचं नाव कुणाचं?

मंडळी, ग्रीक शिलालेखांविषयी बोलायला लागण्याआधी एक गोष्ट मान्य करून टाकू. दगडावर एखादं प्रसिद्ध नाव दिसलं की आपल्या सगळ्यांचंच मन धावतं. उत्खनन करणाऱ्याचं धावतं, वाचणाऱ्याचं धावतं, आणि बातमी छापणाऱ्याचं तर विचारूच नका. पुस्तकात वाचलेला माणूस प्रत्यक्ष भेटला असं वाटतं. पण दगडावर भेटलेलं असतं फक्त नाव. त्या नावापासून माणसापर्यंतचं अंतर अभ्यासकांनी कसं ओलांडलं, कुठे पूल बांधला आणि कुठे नुसती उडी मारली, याची झडती आज आम्हाला घ्यायची आहे. आमचे काही आक्षेप आहेत. ते उदाहरणांच्या आधारानेच मांडतो.

आधी ग्रीक नावाची घडण बघू. अथेन्सच्या माणसाला आडनाव नसे. त्याचं स्वतःचं नाव, मग षष्ठी विभक्तीत बापाचं नाव, आणि इ.स.पू. ५०८-०७ मधल्या क्लैस्थेनेसच्या सुधारणांनंतर तिसरं म्हणजे 'देमोस'चं नाव. देमोस म्हणजे नागरिकांची नोंद ठेवणारं गाव किंवा पेठ म्हणा ना. थेमिस्तोक्लेस, नेओक्लेसचा मुलगा, फ्रेआर्रिओइ देमोसचा. अशी तिन्ही अंगं हाती आली की चुकायला फारशी जागा उरत नाही. पण तिन्ही एकत्र मिळण्याचं भाग्य नेहमी नसतं. जुन्या लेखांत पुष्कळदा नुसतं नाव असतं. कुठे बापाचं नाव होतं तेवढाच दगडाचा कोपरा उडालेला असतो.

दुसरी अडचण आपल्याला घरचीच वाटेल. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल ग्रीकांतही होती, आणि मोठ्या घराण्यांत तर ती हटकून पाळली जाई. आता बघा, उद्या एखाद्या देवळाच्या पायरीवर 'बाळाजी, पेशवे' एवढंच कोरलेलं निघालं, तर तो बाळाजी विश्वनाथ की त्याचा नातू बाळाजी बाजीराव? आणि नुसतं 'बाजीराव' निघालं तर? थोरला की त्याचा नातू, रघुनाथरावांचा मुलगा? आपण अक्षरांचं वळण बघू, सनावळी बघू, शेजारचं दुसरं नाव बघू. 'बाजीराव सापडले' म्हणून लगेच फेटे उडवणार नाही. निदान उडवू नयेत.

अथेन्सला नेमकं असंच एक प्रकरण आहे, आणि ते अगदी चोख सुटलेलं आहे म्हणून आधी तेच सांगतो. अथेन्सचा हुकूमशहा पैसिस्त्रातोस. त्याचा मुलगा हिप्पियास, आणि हिप्पियासचा मुलगा पुन्हा पैसिस्त्रातोस. हा नातू आर्खोन झाला होता, म्हणजे ज्याच्या नावाने वर्ष ओळखलं जाई असा वर्षभराचा मुख्य अधिकारी. त्याने पिथियन अपोलोच्या आवारात वेदी बांधली आणि तिच्यावर लेख कोरला. थ्युसिडिडीज आपल्या इतिहासाच्या सहाव्या भागात हा लेख उतरवून देतो आणि सांगतो की अक्षरं पुसट झाली आहेत, पण वाचता येतात. नातवाला आजोबांचं नाव होतं हेही तो मुद्दाम नोंदवतो, म्हणजे हा घोटाळा होऊ शकतो याची त्याला जाण होती. १८७७ मध्ये इलिस्सोस नदीजवळ ती वेदी सापडली. लेखात नाव आहे, बापाचं नाव आहे, 'आपल्या अधिकारपदाची आठवण' असा पदाचा उल्लेख आहे, आणि जागाही थ्युसिडिडीजने सांगितलेली तीच आहे. गंमत म्हणजे 'पुसट' म्हटलेली अक्षरं आजही चांगली खोल आणि स्वच्छ दिसतात; बहुधा त्यांतला रंग उडाला होता, असं स्पष्टीकरण देतात. ते काही का असेना, इथे ओळखीबद्दल वाद घालायला जागा नाही. नाव, बाप, पद, ठिकाण, शिवाय जुना साक्षीदार. आमची मोजपट्टी ही.

आता याच पट्टीने दुसरा तुकडा मोजू. अथेन्सच्या अगोरात, म्हणजे जुन्या बाजारचौकात, अमेरिकन उत्खननात संगमरवराचा एक लहान तुकडा निघाला. बेंजामिन मेरिट यांनी तो १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावर एकाखाली एक नावं आहेत, आर्खोनांच्या यादीतली. यादी दगडावर कोरली गेली साधारण इ.स.पू. ४२५ च्या सुमारास, म्हणजे त्यातली माणसं मरून जमाना लोटल्यावर. बापाचं नाव नाही, देमोस नाही. नुसती नावं, तीही तुटकी. एका ओळीत मिल्तियादेस जवळजवळ पूर्ण दिसतो. हालिकार्नाससच्या दिओनिसिओसने मिल्तियादेस नावाच्या आर्खोनाचं वर्ष दिलं आहे, त्यामुळे ती ओळ इ.स.पू. ५२४-२३ ला पक्की बसते. तिच्या वरच्या ओळीत 'लैस्थेन' एवढी अक्षरं आहेत. पुढचं शेपूट तुटलंय, आणि मागचं पहिलं अक्षरही गेलंय. मेरिट यांनी तिथे 'कप्पा' घातला आणि नाव झालं क्लैस्थेनेस. लोकशाहीचा जनक म्हणून शाळेच्या पुस्तकांत येणारा तो क्लैस्थेनेस, ५२५-२४ चा आर्खोन!

याने काय होतं? हिरोडोटस सांगतो की क्लैस्थेनेसचं अल्कमेओनिद घराणं हुकूमशाहीच्या सगळ्या काळात अथेन्सबाहेर हद्दपारीत होतं. घराण्याची सारी प्रतिष्ठाच त्यावर उभी होती की आम्ही हुकूमशहांशी कधी हातमिळवणी केली नाही. आणि इथे तर त्याच घरचा मुलगा हिप्पियासच्या अमलात शहराच्या सर्वोच्च पदावर बसलेला दिसतो. म्हणजे हिरोडोटसला घराण्याने सोयीची कहाणी सांगितली आणि त्याने ती लिहून घेतली, असा निकाल लागला. गेल्या ८० वर्षांतले ग्रीक इतिहास उघडून बघा, हा निकाल बहुतेक ठिकाणी जवळपास निर्विवाद म्हणून दिलेला आढळेल.

आणि हा निकाल उभा आहे कशावर? जे अक्षर दगडावर नाही त्या अक्षरावर! २००६ मध्ये मॅथ्यू डिलन या अभ्यासकाने विचारलं, की तिथे कप्पाऐवजी 'पाय' का नको? मग नाव होतं प्लैस्थेनेस. हेही ग्रीक नावच आहे. तसं झालं तर हिरोडोटस खोटा पडत नाही आणि अल्कमेओनिदांचा दांभिकपणाही सिद्ध होत नाही.

आमचं मत विचाराल तर कप्पाच जास्त संभवनीय आहे. यादीत आसपास कोण आहेत बघा. वर हिप्पियास, खाली मिल्तियादेस, आणखी खाली ज्याच्या नावाचा फक्त 'स्त्रात' एवढाच भाग उरलाय तो, बहुधा वेदीवाला धाकटा पैसिस्त्रातोस. हुकूमशहांनी बड्या घराण्यांना आळीपाळीने पद देऊन सांभाळून घेतलं, असं चित्र त्यातून दिसतं आणि क्लैस्थेनेस त्यात शोभतो. प्लैस्थेनेस हे नाव पुराणकथेत भेटतं, पण अथेन्सच्या राजकारणात तसलं नाव उपरंच वाटतं. मात्र या युक्तिवादाची वीण लक्षात घ्या. शेवटचा पैसिस्त्रातोस आपण भरला वेदीच्या आधाराने. हिप्पियासचं नाव अर्धं तुटलेलं, ते भरलं काळाच्या आधाराने. ही बडी मंडळी जमली म्हणून मग क्लैस्थेनेसही भरला. एकाच्या खांद्यावर हात ठेवून दुसरा उभा आहे. मिल्तियादेस तेवढा स्वतःच्या पायावर.

म्हणून आमचा खरा आक्षेप मेरिट यांच्यावर नाही. त्यांनी आपलं काम नियमाने केलं. शिलालेख छापताना भरलेली अक्षरं चौकोनी कंसात घालायची, शंकास्पद अक्षराखाली टिंब द्यायचं, ही पद्धत १९३१ च्या लायडन परिषदेपासून रूढ आहे, आणि त्यांचा कप्पा कंसातच आहे. आक्षेप आहे तो पुढच्या प्रवासावर. शिलालेखांच्या संग्रहात कंस असतो. संशोधनपर ग्रंथात तो तळटीपेत जातो. पाठ्यपुस्तकात येईपर्यंत गळून पडतो. विद्यार्थी वाचतो, 'क्लैस्थेनेस ५२५ मध्ये आर्खोन होता हे शिलालेखाने सिद्ध झाले आहे.' शिलालेखाने सिद्ध झालं म्हटल्यावर कोण बोलणार? दगड खोटं बोलत नाही असं आपण म्हणतो. अहो, पण इथे दगड बोललेलाच नाही, त्याच्या वतीने आपण बोललोय!

हा कंस गळण्याचा प्रकार ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात फार दिसतो, कारण तिथे ओळख पटण्याची आस जास्त. पण तिथेही चोख उदाहरण आहे, ते आधी द्यायला हवं. प्रेषितांच्या कृत्यांत पौलाला करिंथमध्ये गल्लियोपुढे उभं केल्याची हकीकत आहे. डेल्फीला सम्राट क्लॉडियसच्या एका पत्राचे तुकडे सापडले. पहिले एमिल बुर्गे यांनी १९०५ मध्ये प्रसिद्ध केले, पुढे आणखी जुळत गेले. पत्रात सम्राट गल्लियोचा आपला मित्र आणि प्रांताचा अधिकारी म्हणून उल्लेख करतो. गल्लियो हे नाव दगडावर अखंड आहे. तसं हे नावही विरळाच, सेनेका या तत्त्ववेत्त्याच्या थोरल्या भावाने दत्तक गेल्यावर घेतलेलं. पद जुळतं, प्रांत जुळतो. शिवाय पत्रात क्लॉडियसचा सव्विसावा विजयघोष नोंदवलाय, त्यामुळे ते इ.स. ५२ च्या पहिल्या सहा-सात महिन्यांतलं ठरतं, आणि गल्लियोचा कारभार ५१-५२ च्या आसपास येतो. पौलाच्या आयुष्याची सारी कालगणना आज या एका खुंटीला टांगलेली आहे, आणि खुंटी भक्कम आहे.

आता त्याच ग्रंथातला सिर्ग्य पौल घ्या, सायप्रसचा अधिकारी. सायप्रसमध्ये सोलोई इथे एक ग्रीक लेख आहे, त्यात 'पावलोस अधिकारी असताना' असा उल्लेख येतो. झालं! सापडला म्हणतात सिर्ग्य पौल. पण लेखात सिर्ग्य कुठे आहे? नुसतं पावलोस हे रोमनांचं सर्रास आढळणारं नाव, आणि सायप्रसला अधिकारी तर दरवर्षी नवा येई. पद जुळलं, बेट जुळलं, कुळाचं नाव मात्र कोऱ्या जागेतून आलं. हा लेख आणि डेल्फीचं पत्र एकाच दमात 'पुरातत्त्वाचे पुरावे' म्हणून सांगितले जातात, हे आम्हाला पटत नाही. त्याने डेल्फीच्या पुराव्याचीच किंमत कमी होते.

नाव विरळ असलं की काम कसं सोपं होतं याचा आणखी एक दाखला मॅसेडोनियातला. व्हेर्गिना इथे एव्क्लेइया देवीला अर्पण केलेल्या लेखांत 'एव्रिदिका, सिर्राची मुलगी' अशी नोंद आहे. एव्रिदिका नावाच्या बायका मॅसेडोनियाच्या राजघराण्यात अनेक. पण सिर्रा? स्त्राबोन सांगतो की फिलिपची आई, म्हणजे अलेक्झांडरची आजी, सिर्राची मुलगी होती. बापाच्या चमत्कारिक नावाने लेकीची ओळख पक्की केली. आणि तिथून थोड्याच अंतरावर १९७७ मध्ये सापडलेलं राजथडगं बघा. सोन्याची पेटी आहे, शस्त्रं आहेत, हाडं आहेत. नाव कुठेच नाही. तो फिलिप की त्याचा दुसरा मुलगा अर्रिदायोस, यावर अजून भांडणं चालू आहेत.

इथे उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आमचं बोलणं नुसतं नकारघंटा होईल. प्रसिद्ध माणसं शोधण्याच्या नादात जे प्रसिद्ध नाहीत त्यांच्याकडे दुर्लक्ष होतं. अथेन्समध्ये नकोशा पुढाऱ्याचं नाव खापरीवर खरडून त्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करत. केरामैकोस भागात १९६० च्या दशकात अशा सुमारे ८,५०० खापऱ्या निघाल्या. त्यांत सातशेहून अधिक खापऱ्यांवर एकच नाव आहे, क्रातियोसचा मुलगा काल्लियास. काहींवर त्याला 'मेद', म्हणजे इराण्यांचा माणूस, अशी शिवी दिलेली. एकीवर तर इराणी वेषातलं चित्रही काढलंय. सातशे माणसांना नकोसा झालेला पुढारी, आणि हिरोडोटस, थ्युसिडिडीज, प्लुटार्क, कुणीही त्याचा एका ओळीने उल्लेख करत नाही! काल्लियास हे नाव अथेन्समध्ये फार चालणारं. बापाचं नाव खापरीवर नसतं तर आपण त्याला खुशाल दुसऱ्या कुणा ग्रंथांतल्या काल्लियासच्या खात्यावर जमा करून मोकळे झालो असतो. ऑक्सफर्डला पीटर फ्रेझर यांनी सुरू केलेला ग्रीक व्यक्तिनामांचा कोश आहे, त्याचा पहिला खंड १९८७ मध्ये निघाला. तो चाळला की दिओनिसिओससारखी नावं रकानेच्या रकाने भरून येतात. नावांची ही गर्दी बघूनच मग ओळखीच्या गप्पा माराव्यात.

आता कंदाहारकडे वळू, कारण ग्रीक शिलालेखांच्या नकाशाचं पूर्वेकडचं टोक आपल्या इतिहासाला तिथे येऊन भिडतं. १९५८ मध्ये तिथे ग्रीक आणि अरमाइक अशा दोन भाषांतला एक लेख सापडला. ग्रीक मजकुरात राजाचं नाव 'पिओदास्सेस'. हा पियदसी, म्हणजे आपला अशोक, हे कुणीही ओळखेल. पण आपण ते इतक्या सहज ओळखतो ते कुणाच्या जिवावर? प्रिन्सेप यांनी १८३७ च्या सुमारास ब्राह्मी वाचली तेव्हा स्तंभांवर सगळीकडे 'देवानंपिय पियदसी' होतं, अशोक कुठेच नव्हता. सिंहलच्या पाली ग्रंथांच्या आधाराने टर्नर यांनी तो अशोक असल्याचं सुचवलं. पटणारं होतं, पण होती ती जुळणीच. खुद्द 'अशोक' हे नाव असलेला लेख मस्कीला सापडला १९१५ मध्ये. त्या ओळखीवरचा कंस निघायला जवळजवळ ८० वर्षं लागली, आणि निघाला तो नव्या दगडाने. जुनंच विधान पुन्हापुन्हा केल्याने नव्हे.

अशोकाच्या तेराव्या शिलालेखातली ग्रीक राजांची यादी तर या शास्त्राचा उत्तम धडा आहे. अंतियोक, तुरमाय, अंतिकिनी, मक आणि अलिकसुदर. यांतलं एकेक नाव सुटं घेतलं तर काही हाती लागत नाही. अंतियोक आणि तुरमाय तर पिढ्यानपिढ्या झाले. पण पाचही जण एकाच वेळी गादीवर हवेत अशी अट घातली की अंतियोक दुसरा, टॉलेमी दुसरा, अंतिगोनोस गोनातास आणि किरीनीचा मागास असे चौघं आपापल्या जागी बसतात. पाचवा अलिकसुदर एपिरसचा की करिंथचा, हा वाद तेवढा उरतो, आणि चांगली पुस्तकं तो उरल्याचं प्रामाणिकपणे सांगतात. कंदाहारला पुढे १९६३ मध्ये बाराव्या आणि तेराव्या लेखांचा ग्रीक तुकडाही मिळाला. पण आपलं नशीब असं की तो राजांच्या यादीपर्यंत पोचण्याआधीच तुटलाय. ग्रीक लेखनिकाने आपल्या राजांची नावं कशी लिहिली असती ते वाचायची आम्हाला फार हौस होती.

त्याच कंदाहारचा दुसरा दगड २००४ मध्ये पॅरिसमध्ये बेर्नार, पिनो आणि रुजमों या तिघांनी प्रसिद्ध केला. चुनखडीच्या शिळेवर ग्रीक पद्याच्या २० ओळी, भाषा होमरच्या वळणाची, कमावलेली. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बाजूला वेगळ्या उभ्या रांगेत पुन्हा कोरलंय, आणि ती रांग वरून खाली वाचली की निघतं, 'नारातोसचा मुलगा सोफितोस याच्याकडून'. हकीकत अशी की घराणं नशिबाने धुळीला मिळालं, पोरगा पोरका झाला. विद्या होती, पैसा नव्हता. मग त्याने व्याजाने पैसे काढले, घर सोडलं, अनेक शहरांत व्यापार केला, बक्कळ कमावलं, आणि कित्येक वर्षांनी परतून वडिलोपार्जित घर आणि थडगं पुन्हा उभं केलं.

सोफितोस! हे नाव आमच्या ओळखीचं होतं. इ.स.पू. ३२६ मध्ये अलेक्झांडर पंजाबात आला तेव्हा सोपैथेस नावाचा राजा त्याला भेटला, सिंहाशी झुंजणारे कुत्रे बाळगणारा. पुढे 'सोफितोसचं' असं ग्रीक अक्षरांत लिहिलेली चांदीची नाणी मिळाली. शिरस्त्राण घातलेलं डोकं, मागे कोंबडा. कनिंगहॅम यांनी नाणं आणि राजा जोडून टाकले. सिल्व्हाँ लेव्ही यांनी त्याचं संस्कृत रूप सौभूती ठरवलं, आणि आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत अलेक्झांडरला शरण आलेला राजा सौभूती आपल्या नाण्यासकट स्थायिक झाला. नाणी मुळात पंजाबातली नाहीत, ऑक्ससच्या बाजूची आहेत, अशी शंका व्हाइटहेड यांनी १९४३ मध्ये मांडली. आज ती नाणी इ.स.पू. ३०० च्या आसपासची आणि बाल्ख प्रदेशातली मानतात. तरी सौभूतीचं नाणं काही पुस्तकांतून हलत नाही.

आता कंदाहारचा हा तिसरा. अक्षरांच्या वळणावरून शिळा इ.स.पू. दुसऱ्या शतकातली धरतात. म्हणजे पंजाबचा राजा, नाण्यावरचा सत्ताधीश आणि कर्ज काढून व्यापाराला निघालेला हा माणूस, यांत दीडशेच्या आसपास वर्षांचं अंतर. तिघं एक असणं शक्यच नाही. एका घराण्यातले असतील का? मोह होतो खरा, विशेषतः हा स्वतःच्या पडलेल्या घराण्याची थोरवी सांगतो म्हणून. पण त्याला तेवढाच आधार आहे. शिळेने उलट एक गोष्ट दाखवून दिली, की सोफितोस हे त्या मुलखात एकापेक्षा अधिक माणसांना असलेलं नाव होतं. म्हणजे कनिंगहॅम यांच्या जोडणीचा जो एकमेव धागा होता, नाव विरळ असल्याचा, तोच तुटला.

आणि नाव ग्रीक तरी कुठे आहे? पिनो यांनी सोफितोस म्हणजे सुभूती आणि नारातोस म्हणजे नारद असं सुचवलंय. नारदाचा मुलगा सुभूती अपोलो आणि सरस्वतीच्या ग्रीक बहिणी म्हणजे म्यूज यांची नावं घेत होमरच्या भाषेत पद्य रचतो! याला भारतीय म्हणायचं की ग्रीक? नुसत्या नावावरून माणसाची जात काढण्याची सवय आपल्याकडेही आहे, म्हणून जुन्नर आणि कार्ल्याची आठवण देतो. जुन्नरच्या लेण्यांत पाण्याची टाकी देणारा इरिल, भोजनमंडप देणारा चिट, आणि चंद हे तिघंही स्वतःला 'यवन' म्हणवतात, आणि कार्ल्याचा खांब देणारा धेनुकाकटाचा यवन सिहधय. इरिल सोडला तर नावांत यवनपणा शोधूनही सापडत नाही. ते यवन होते हे आपल्याला कळतं ते त्यांनी तसं लिहिलं म्हणून. सोफितोसने आपण कोण ते लिहिलं नाही. त्याने बापाचं नाव लिहिलं, घराण्याचं दुःख लिहिलं, कर्जाचं व्याज लिहिलं.

पद्याच्या शेवटी तो म्हणतो की हे घर मुलांनी आणि नातवांनी सांभाळावं. आजोबांचं नाव नातवाला देण्याची चाल त्या घरात असली, तर कंदाहारच्या आसपास आणखी एखादा सोफितोस केव्हातरी दगडावर निघेल, आणि तो हाच की दुसरा, हे ठरवायला उभ्या रांगेत कोरलेलं ते नारातोसचं नाव लागेल.